दोनशे पन्नास फेऱ्या

४ ऑक्टो., शनि.
गाडी बंद पडली. पावणेचारला सुरू केली, एक फेरी कशीबशी झाली आणि खिडकीकडच्या वळणावर थांबली. बोटाने ढकलली की वीतभर जाते, पुन्हा थांबते. पुढचा दिवा मिचमिचतो. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओरडायला सुरुवात. घातलेल्या चपला काढल्या. वाचनालय बुडालं. कमलला कळवलं, आज येत नाही. ती म्हणाली, मग वर्तमानपत्रं राखून ठेवते तुझ्यासाठी. कॉलेजात होती तेव्हापासून तिला विनोद जमत नाही.

५ ऑक्टो., रवि.
मेघनाने पुण्याहून विचारलं, आई, एका खेळण्याचं एवढं काय? लेकीला सांगून उपयोग नाही. इथे लिहिते.
ह्यांना झटका येऊन चौदा महिने झाले. उजवी बाजू गेली. बोलण्यात ‘पाणी’, ‘नको’, ‘हां’ असे चार-सहा शब्द उरले. मी नजरेआड झाले की ओरडतात, हाताला येईल ते फेकतात. दुसरं कोणी जवळ बसलं तरी तेच. सांभाळायला ठेवलेल्या तीन बाया गेल्या. तिसरी तर जेवायलाही थांबली नाही. डिसेंबरात नातू वेद नाताळच्या सुट्टीत आला तेव्हा मेघनाने त्याला ही आगगाडी घेऊन दिली होती. स्वस्तातली. लाल इंजिन, तीन डबे, शेवटच्या डब्यात दाढीवाला सांता. गाणंही वाजायचं, दुसऱ्याच दिवशी मी स्पीकरची तार कापली. वेद गाडी इथेच विसरून गेला. जेवणाच्या टेबलावर रुळांचा गोल तसाच राहिला, एकदा चालू केली तर हे बघत बसले. तासभर. आयुष्यात ज्यांनी मुलीचं खेळणं हातात धरलं नाही ते.
तेव्हापासून चार ते पाच माझे. गुलमंडीला जायचं, वाचनालयात टेबलाशी बसायचं. तिथे मला कोणी हाक मारत नाही. बाकीचे तेवीस तास मी धरत नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
पद्धतशीर सुरुवात. तीस वर्षं नववीला विद्युत परिपथ शिकवला, हे काय मोठं.
अडॅप्टर ठीक. हिरवा दिवा लागतो. रूळ तपासले: जुना बॅटरीतला बल्ब, त्याला दोन तारा, तारांची टोकं रुळाच्या दोन पट्ट्यांना लावत गोलभर फिरवली. एका सांध्याशी उजेड मंद. सांधा सोडवला, आतली पितळी पट्टी पकडीने आवळून परत बसवली. आता सगळीकडे सारखा उजेड. बल्ब लागला की हे म्हणायचे ‘हां’. वर्गात असा एक तरी हवा होता.
म्हणजे वीज रुळापर्यंत येते, इंजिनात जात नाही. का?
दूध संपलं. फाटकापर्यंतच गेले होते. ओरडणं गल्लीच्या तोंडापर्यंत.

९ ऑक्टो., गुरु.
इंजिन उलटं करून चार स्क्रू काढले. चाकांवर काळपट लेप. नखाने खरवडला तर आत पिवळं. वास घेतला. हळद.
खंडेनवमी! हे माझंच काम. त्या दिवशी शिलाई मशीन, मिक्सर, इस्त्री, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लावत होते तेव्हा ह्यांनी डाव्या हाताने टेबलाकडे बोट दाखवलं. मलाही पटलं. ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा नको? इंजिनाच्या नाकाला लावलं, मग रुळांनाही चारी बाजूंनी, ओल्या बोटांनी. दुसऱ्या दिवशी गाडी अडखळली म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडलं. सढळ हाताने. चाकांनी ते सगळं कालवून गोलभर सारवलं. वीज जाणार कुठून?
नववीतल्या कोणी असं केलं असतं तर तास संपेपर्यंत उभं ठेवलं असतं.

१० ऑक्टो., शुक्र.
स्पिरिट, जुनी बनियन, कानात घालायच्या काड्या. रूळ लख्ख. चाकांचे आस काढून पुसले. चाकांना घासणाऱ्या तांब्याच्या बारीक पत्र्याही पुसल्या. सगळं बसवलं. रुळावर ठेवलं तर अडॅप्टरचा हिरवा दिवाच गेला. इंजिन उचललं की दिवा येतो, ठेवलं की जातो. म्हणजे शॉर्ट. तीनदा उघडलं, तीनदा लावलं, तेच. हे सारखे ‘नको, नको’. मी त्यांच्यावर ओरडले. चौदा महिन्यांत दुसऱ्यांदा. पहिली वेळ इथे लिहिलेली नाही, लिहिणारही नाही.

१२ ऑक्टो., रवि.
मेघना: नवीन घे ना. शोधलं. तसली गाडी आता कुठे नाही, नाताळाच्या तोंडावर येईल. दोन महिने. मग म्हणाली, नाहीतर बाबांना इकडे आण. बाबांना आण म्हणजे मीही. चौथा मजला, ओळखीचं कोणी नाही, आणि तिथेही मी ह्यांच्या खुर्चीशेजारीच. बघू म्हटलं.
कमलचा फोन. कॉलेजातल्या आम्ही पाच जणी. रविवारी, ९ नोव्हेंबरला, वेरूळला जायचं ठरवतायत. सकाळी आठला निघायचं, दुपारी चारला परत. ‘तू येणारच.’ कशी येशील ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इतकी वर्षं इथे राहून मी वेरूळला शेवटची गेले ती शाळेची सहल घेऊन. लेणी पाहिलीच नाहीत, मुलं मोजली.

१५ ऑक्टो., बुध.
आठ दिवसांत फाटकाबाहेर एकदाही नाही. भाजी दोरीला पिशवी लावून गच्चीवरून घेते. शेजारची म्हणाली, मुंबईला करतात असं. करत असतील.
सलीमला फोन केला. गुलमंडीच्या मागे घड्याळं दुरुस्त करतो. माझा विद्यार्थी. विज्ञानात काठावर पास. म्हणाला, परवा जुम्मा, नमाजनंतर दुकान बंदच असतं, येतो.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस.
सलीम आला. दाढी पांढरी झालीय, माझ्यासमोर अजूनही खुर्चीच्या कडेवर बसतो. डोळ्याला भिंग लावून इंजिन न्याहाळलं.
‘बाई, लई तेल पाजलं तुम्ही ह्याला. घड्याळाला मी सुईच्या टोकावर मावेल तेवढं देतो.’
मग आस दाखवला. एका चाकाच्या मधे काळं प्लास्टिकचं कडं आहे, दुसऱ्यात नाही. कडंवाली सगळी चाकं एकाच बाजूला पाहिजेत. पुसून बसवताना मी एक आस उलटा घातला, म्हणून शॉर्ट.
‘बाई, शॉर्ट सर्किट म्हणजे काय, हे तुम्ही मला तोंडीला विचारलं होतं.’
तेव्हा तुला आलं नव्हतं, मी म्हटलं.
‘आता आलं ना. दोन मार्क वाढवा.’
आस फिरवला. गाडी चालली. ह्यांचा चेहरा सैल झाला. सलीमला शेजारी बसू दिलं, हेच नवल. सलीमने बजावलं, मोटार किरकोळ आहे, सलग तासाच्या फार वर चालवू नका, जळेल. मग तिला तेवढीच विश्रांती द्या.
चहा घेऊन निघाला आणि दारात थांबला. आवाज खाली आणून म्हणाला,
‘बाई, साहेब मोजतात. बघितलं का तुम्ही?’
बघितलं. गाडी खिडकीपाशी आली की डावा अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर. दहा महिने तो अंगठा माझ्यासमोर आहे. मी आजारातली थरथर समजत होते.

१८ ऑक्टो., शनि.
वाचनालय. चारला निघाले, चार पन्नासला परत. दार उघडल्याबरोबर हे म्हणाले, ‘दोनशे पन्नास.’ अगदी स्पष्ट.
डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाठ असलेलं राहतं. आकडे राहिले. आधीही मी आले की काहीतरी बडबडायचे. मी पिशवी घेऊन सरळ स्वयंपाकघरात.
गणित केलं. एक फेरी बारा सेकंदांची. पन्नास मिनिटांच्या अडीचशे. चूक नाही.
म्हणजे गाडी बघत नव्हते. मी कधी येते ते मोजत होते. मला वाटत होतं रमतात.

२४ ऑक्टो., शुक्र.
मेघना आणि वेद दिवाळीला येऊन गेले. फराळ विकतचा. वेदने गाडी परत मागितली नाही, बरं झालं.
आज वाचनालयातून कमलने चहाला ओढलं, पुढे भाऊबीज आटपून निघालेल्यांची गर्दी, रिक्षा मिळेना. पाचला दहा मिनिटं असताना घरी असते. आज पाच वाजून दोन मिनिटं झाली.
‘तीनशे दहा.’
ओरडले नव्हते. कपाळाला घाम. डावी मूठ गच्च, उघडली तर तळव्यात नखांच्या चार खुणा. गाडी चालूच होती. रोजच्या अडीचशेनंतरच्या त्या साठ फेऱ्या. हे रागावलेले नव्हते. घाबरलेले होते.
तळव्याला तूप लावलं.

२९ ऑक्टो., बुध.
वाचनालयात अग्रलेख काढला. तिसऱ्या परिच्छेदात लक्षात आलं की मी वाचत नाही. एकशे बारा, एकशे तेरा. कमल म्हणाली, ओठ काय हलवतेस, जप सुरू केलास की काय. पेपर घडी घालून उठले. घरी पोचले तेव्हा दोनशे चार.
त्यांना बरं वाटलं असावं. मला विचारलं तर एक तास होता, तोही गेला.

४ नोव्हें., मंगळ.
सलीमला वेरूळचं सांगितलं, तर स्वतःहून म्हणाला, रविवारी मी बसतो साहेबांजवळ, दुकान मुलगी बघेल. तास गाडी, तास विश्रांती. आज पाहून घेतलं. तो बाहेर बसला, मी आतल्या खोलीत, दार लावून. गाडी थांबली तेव्हा मीच आत धास्तावले, आता ओरडतील म्हणून. ओरडले नाहीत. सलीम त्यांना कुणाची घड्याळं कशी बिघडली ते सांगत होता. एका मामलेदाराच्या घड्याळात झुरळ निघालं ते ऐकून हे हसले. हसण्याचा आवाज विसरले होते मी.
कमलला अजून हो म्हटलेलं नाही. गाडी ठरवायची आहे, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग म्हणाली. तू नसलीस तर आम्ही चौघी, पुढच्या वर्षी कोण कुठे असेल काय माहीत.

७ नोव्हें., शुक्र.
दुपारी गाडी बंद करून समोर खुर्ची घेतली आणि सांगितलं. परवा रविवार. मी वेरूळला जाणार. सकाळी आठला निघेन, चारला येईन. सलीम असेल. हे नीट ऐकत होते. मग विचारलं,
‘किती?’
कमी सांगता आलं असतं. वर्गात कधी सांगितलं नाही, इथे कशाला. आठ तास, तासाला तीनशे.
‘दोन हजार चारशे,’ मी म्हटलं. गाडी एवढी चालणार नाही, मधे थांबेल, थांबलेल्या फेऱ्या सलीम घड्याळ लावून मोजेल, हेही सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा पुटपुटला.
‘नक्की?’
झटक्यानंतर हा शब्द पहिल्यांदा.
रविवारची वेरूळची गर्दी. दौलताबादच्या वेशीतून एका वेळी एकच गाडी निघते. पाच बायकांचं जेवण, त्यातली एक गुडघ्याची. नक्की काय सांगू? दहा-वीस फेऱ्या इकडेतिकडे, असं म्हटलं तर त्या साठ आठवणार. आम्हा दोघांनाही.
कमलचा फोन वाजला. उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला. हे माझ्याकडे बघतायत, फोनकडे नाही. साडेपाच झालेत. तिची संध्याकाळ म्हणजे सहापर्यंत.