पाच तासांची चूक

१४ मार्च २०११, सोमवार, सकाळी सहा वाजून चार मिनिटे. या वेळी संघीय पोलिसांनी लेलंड प्रुइट या शाळेतल्या बँडशिक्षकाचे दार फोडले. झडतीच्या अर्जावर सही माझी होती.

मी, फिलोमिना हुडाक, वय एकाहत्तर, राहणार हार्लन फॉल्स, ओहायो, निवृत्त संघीय सरकारी वकील. बुद्धी शाबूत आहे, स्वादुपिंड नाही. हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही. दबाव होता तो न लिहिण्याचा. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

एक. घर आणि बँकेतली शिल्लक भाची रोझलिन हिला. तिच्या नवऱ्याने तळघरात बिअर गाळू नये. वास जात नाही.

दोन. संगणक-गुन्ह्यांवरच्या माझ्या व्याख्यानांच्या नऊ वह्या, जे विधी महाविद्यालय घेईल त्याला. या विषयातली जाणकार म्हणून मला गावोगाव बोलावत. नव्या वकिलांना मी पहिल्याच तासाला बजावी, "नोंदीतली वेळ कुठली, ते आधी विचारा." प्रुइटच्या प्रकरणात मीच विचारले नाही. रुग्णालयाच्या संगणकात चोर शिरल्याची नोंद रात्री १:२० ची होती. ती ग्रिनिचची वेळ. आमच्याकडे तेव्हा आदल्या संध्याकाळचे ८:२० झाले होते. नोंदीत चोराच्या इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता होता. पण कंपनी असा एकच पत्ता कधी याला देते, कधी त्याला. ८:२० ला तो दुसऱ्याच कुणाकडे होता. मी कंपनीला विचारले, रात्री १:२० ला तो पत्ता कोणाकडे होता, आणि प्रुइटचे नाव आले. हा परिच्छेद पहिल्या वहीत पहिल्या पानावर चिकटवावा.

तीन. माझे तेव्हाचे वरिष्ठ ग्रांट व्हिटलो यांना काहीही नाही. चूक ध्यानात आल्यावर मी त्यांच्याकडे गेले.

"खटला मागे घे, फिल. पुन्हा दाखल करायचा हक्क राखून."

"ग्रांट, माणूस निर्दोष आहे."

"असेल. पण तसं लिहून दिलंस ना, की उद्या प्रत्येक चोर तोच कागद नाचवत दारात उभा राहील."

मी खटला तसाच मागे घेतला आणि खरे काय ते कुठेच लिहिले नाही. नोकरीत सात वर्षे, निवृत्तीनंतर पाच. शाळेने प्रुइटला परत घेतले नाही. 'मागे घेतला' त्यांना पुरले नाही, 'निर्दोष' हवे होते.

चार. गेल्या ऑक्टोबरात मी भिंतींसाठी रंग आणायला गेले. दुकानात रंग मिसळून देणारा माणूस प्रुइट निघाला.

"पांढऱ्यात अकरा छटा आहेत, बाई. तुम्हाला घाईत सही करायची सवय. जरा बघून घ्या."

मी त्याला माझे घर देऊ केले.

"घर आहे मला. दारही नवं बसवलंय. तो मी नव्हतो, एवढा एक कागद द्या. इंटरनेटवर माझं नाव शोधलं की अजून ती चोरीच वर येते."

तो कागद देण्याचा अधिकार मला नाही. कबुली म्हणजे निम्मेच काम, असे शाळेत सिस्टर कॉर्डेलिया म्हणत. बारा वर्षे मी तेवढेही केले नाही. म्हणून इथे लिहिते: लेलंड प्रुइट तो माणूस नव्हता.

सही: फिलोमिना हुडाक
साक्षीदार: डोलोरेस फिंक, शेजारीण; ऑर्विल स्टॅन्स, निवृत्त टपालवाहक
हार्लन फॉल्स, २ मे २०२३

प्रत: माझ्या जुन्या कार्यालयाचे विद्यमान प्रमुख यांस.
मी गेल्यावर हे काउंटी न्यायालयात दाखल होईल आणि मागेल त्याला वाचता येईल. तोवर थांबू नका. प्रुइट निर्दोष असल्याचे पत्र सहीशिक्क्यासह त्याच्या नावे द्या. फोन करू नये, मी उचलणार नाही. डॉक्टर जूनची खात्री देत नाहीत. तेव्हा होकार असो वा नकार, ३१ मे २०२३ रोजी सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे.