विहीणबाईंचा रुमाल

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण या बोटीवर साष्टांग घातला की माणूस घसरत पलंगाखाली जातो. तेव्हा दाराची कडी धरून उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? आणि तुझ्या दातांच्या दवाखान्यातली ती खुर्ची, जी वर जाते पण खाली यायचं नाव काढत नाही, ती दुरुस्त झाली का? त्या पोस्टमास्तरांना शेवटी शिडी लावून उतरवावं लागलं होतं, ते आठवलं की मला अजून एकटीला हसू येतं. फोन करायचा सोडून पत्र का, असं तू विचारशील. इथल्या केबिनच्या भिंती इतक्या पातळ आहेत की पलीकडे कुणी कूस बदलली तरी कळतं, आणि माझ्या पलीकडे विहीणबाई आहेत. (अजून झालेल्या नाहीत. पण मी मनातल्या मनात म्हणायला सुरुवात केली आहे, तेवढीच जिभेला सवय.)

तुला ठाऊकच आहे, आपल्या छकुलीने (सत्तावीस वर्षांची झाली, पण नाव काही मोठं होत नाही) ज्या मुलाला पसंत केलंय तो या बोटीवर कामाला आहे. बोट म्हणजे भलंमोठं जहाज नव्हे. वीसेक प्रवासी, एक जेवणघर आणि वर वाळत घातलेल्या टॉवेलांची गच्ची. रोज एखाद्या बेटापाशी नांगर टाकायचा, प्रवाशांना रबरी होडीतून किनाऱ्यावर न्यायचं, धबधबा नाहीतर जंगल दाखवायचं आणि मोजून परत आणायचं, हे त्याचं काम. या फेरीला केबिनी रिकाम्या होत्या, म्हणून घरच्यांना आणायची परवानगी मिळाली आणि दोन्ही घरांची ओळख व्हावी म्हणून त्याने सगळ्यांना बोलावलं. निघतानाच छकुलीने मला बजावलं होतं, "आई, त्यांच्या आईंनी स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. कुणाला नाराज करून मला त्या घरात जायचं नाही." आता या आई म्हणजे निवृत्त हेडबाई. त्यांचा आवाज ऐकला की शाळेसमोरचा दुकानदारसुद्धा हातातलं वजन ठेवून सरळ उभा राहायचा म्हणे. आणि त्या तोंडातून पहिल्या दिवसापासून आमच्यासाठी एक अक्षर बाहेर पडलं नाही.

याचं कारण हे. (हे म्हणजे हेच. दुसरं कोण असणार?) धक्क्यावर रबरी होडी लागली होती. हेडबाई आधीच जाऊन ताठ बसल्या होत्या. मुलगा ह्यांना म्हणाला, "काका, हात द्या." पण होणाऱ्या जावयाचा हात धरून उतरलो तर वजन कमी होईल, असं ह्यांना वाटलं असावं. एक पाय धक्क्यावर, एक होडीत, अशा अवस्थेत ह्यांनी हेडबाईंना आमच्या घराण्याची माहिती द्यायला घेतली. आमचं घराणं पहिल्यापासून कसं स्थिर, कुणी जागचं हललं नाही वगैरे. इकडे होडी हळूहळू लांब चाललेली. ह्यांचे पाय फाकत चालले, पण वाक्य अर्धवट सोडायची सवय नाही. (घरी तरी कुठे सोडतात?) वाक्य पुरं झालं आणि हे कमरेइतक्या पाण्यात गेले. हेडबाईंनी समुद्राकडे तोंड वळवलं, वाकल्या, खांदे हलवले आणि तोंडाला रुमाल लावला. तो रुमाल मग खाली आलाच नाही. मी म्हटलं, झालं! एवढी किळस आली बाईंना.

जेवणाच्या टेबलावर त्या रुमालाआडून नुसतं सूप घ्यायच्या आणि उठून जायच्या. आता मुलाची आई सूपावर उठली असताना मुलीच्या आईने भातावर तुटून पडणं बरं दिसतं का? मग मीही सूप, हेही सूप. समोरून गरम गरम ताटं जायची आणि आम्ही पोट भरल्यासारखे ढेकर द्यायचो. ह्यांच्या उशीखाली मला केळ्यांची सालं सापडली. (मला एक विचारलंसुद्धा नाही, हे मी विसरणार नाही.) रोज संध्याकाळी मुलगा विचारायचा, उद्या कुणाला बाजारातून सावकाश फिरायचंय आणि कुणाला डोंगर चढून धबधब्यावर यायचंय. बोट हलायची, तशी हेडबाईंची मान हलायची. तो होकार समजून तो त्यांचं नाव धबधब्याला घालायचा. त्या जाणार म्हटल्यावर आम्ही मागे कसे राहणार? अशा रीतीने ज्यांना कुणालाच चढायचं नव्हतं अशी तीन वयस्क माणसं रिकाम्या पोटी, घामाने निथळत, एकमेकांकडे बघून कौतुकाने माना डोलवत डोंगर चढली. छकुली मात्र दिवसेंदिवस उतरत चालली. काल केबिनमध्ये मला म्हणाली, "आई, त्यांना मी आवडले नाही ग." मला इतकं वाईट वाटलं की ह्यांच्या केळ्यांवरचा रागसुद्धा विसरले.

आज सकाळी खाडीतल्या झाडीतून वल्हवत जायचं होतं. दोघादोघांच्या अरुंद होड्या, आणि मी व हेडबाई एका होडीत. मी म्हणे, तुम्ही आधी वल्हवा. त्या हाताने खुणावत, छे, तुम्ही आधी. मग दोघींनी एकदमच मान राखला, तोही विरुद्ध दिशांना, त्यामुळे होडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरू लागली. बाकीच्या होड्या वळणापलीकडे गेल्या. आम्ही मुळांच्या जाळीत जाऊन अडकलो आणि वरून एक खेकडा नेमका हेडबाईंच्या मांडीवर पडला. त्या उभ्या राहिल्या. दादा, अशा होडीत उभं राहायचं नसतं. पडल्या पडल्या मी "मला पोहता येत नाही, माझ्या छकुलीला सांभाळा" असा टाहो फोडला. बराच वेळ फोडला. मग लक्षात आलं की मी खाडीच्या तळाशी मांडी घालून बसले आहे आणि पाणी पोटापर्यंतच आहे. हेडबाई माझ्याकडे बघत होत्या. आणि मग त्या हसू लागल्या. अगदी पोट धरून, रुमाल वाहून गेला तरी हसत होत्या. त्यानंतर आम्ही दोघी त्या चिखलात बसून खूप बोललो. काय बोललो ते मात्र सांगणार नाही. शब्द दिला आहे.

बाकी इकडे सर्व सुखरूप. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
(सूपावर जगणारी) धाकटी

ता. क. शब्द दिला आहे हे खरं, पण तू डॉक्टर, तुला सांगितलेलं मोजत नाहीत. हेडबाईंची वरची कवळी समुद्रात पडली आहे. हे पाण्यात पडले तेव्हा त्यांना इतकं हसू फुटलं की दात निघून थेट तळाला गेले. म्हणजे किळस नव्हतीच रे! कवळी आहे हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नाही. जन्मभर वर्गासमोर स्पष्ट उच्चार केलेली बाई, आता बोलायला गेलं की नुसती हवा सुटते, म्हणून मौन. छकुली त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत आहे, पण "माझा होकार असा फुसका निघायला नको, दात आल्यावर खणखणीत देईन," म्हणाल्या. तेव्हा हे पत्र लिहिण्याचं खरं कारण असं, की आम्ही परत आल्याबरोबर तू त्यांच्या दातांचं माप घे. दवाखाना बंद असतो त्या दिवशी, मागच्या दाराने. आपल्या पोरीचं लग्न तुझ्या हातात आहे.

आणखी एक ता. क. हे पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवू नकोस. वहिनीला कळलं म्हणजे गावाला कळलं, आणि मग मी हेडबाईंना तोंड कसं दाखवू?

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. वहिनीला खुशाल वाचून दाखव. आत्ता जेवताना छकुली उठून हेडबाईंपाशी गेली आणि अगदी हळू म्हणाली, "तुमच्या मनात नसेल तर सांगा, मी राग धरणार नाही." तिचा आवाज ऐकून माझा घास अडकला. (सूपाचासुद्धा अडकतो.) हेडबाईंनी तिच्याकडे पाहिलं, नवा रुमाल घडी करून टेबलावर ठेवला, उभ्या राहिल्या आणि साऱ्या जेवणघरासमोर, दात नसताना, शाळेच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाल्या, "पसंत आहे! मला मुलगी पसंत आहे!" हवा थोडी सुटली, पण स्वयंपाकघरातला आचारीसुद्धा सरळ उभा राहिला. छकुली त्यांच्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. मुलगा म्हणाला, "आई, तुझी कवळी मला लहानपणापासून माहीत आहे. रोज सकाळी तो ग्लास कोण विसळून ठेवायचं?" मग आम्ही सगळे जेवलो. ह्यांनी तीनदा भात घेतला.

दात मात्र करायचेच आहेत. तेवढी खुर्ची दुरुस्त करून घे. विहीणबाईंना उंचावर बसायची भीती वाटते, आणि आजपासून त्या काही मनात ठेवत नाहीत.