माशी उडाली, त्याबद्दल

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. (शब्दशः घालता येत नाही, जमिनीवर काचेच्या नळ्या मांडल्या आहेत.) तुझा गुडघा कसा आहे? बाबा म्हणतात जिना चढताना दुखतो, आई म्हणते उतरताना, आणि दोघांच्या वादात तुला विचारायचं राहून जातं. नेमकं काय ते तूच कळव. इकडे सगळं ठीक. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, पण जेवण वेळेवर मिळतं.

जनुक अभियांत्रिकी शिकून पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात रोजचाच. बाबा बाहेर सांगतात की मी कॉम्प्युटरमध्ये आहे. (त्यावर पुढचं कोणी विचारत नाही.) शेजारच्या काकूंना मात्र खरं कळलं, आणि धाकट्याची उंची वाढवून देशील का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकू, त्यासाठी तो जन्मायच्या आधी यायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मग नातवाचं बघ, घाई नाही. या विद्येच्या जोरावर मला मिळालेलं हे आजवरचं एकमेव काम.

कॉलेजातलं काम वेगळं आहे. केळ्यावर घोंघावतात त्या बारीक माश्या तुला माहीत आहेत. त्यांच्यातल्या काहींचं पंखांचं जनुक बिघडलेलं असतं. त्यांना पंखांच्या जागी नुसती चुरगळलेली टोकं असतात. त्या उडत नाहीत, चालतात. अशा माश्यांच्या अंड्यांत केसाहून बारीक सुईने धड जनुक सोडायचं आणि पुढच्या पिढ्यांत एखादी तरी धड पंखांची निघते का, ते बघायचं. दोन वर्षं मी हेच करते आहे. निघाली तर माझा प्रबंध होतो, आणि प्रबंध झाला तर माझ्या मार्गदर्शक मॅडम मला पुढच्या संशोधनासाठी ठेवून घेणार आहेत. नाही निघाली तर बाबांनी बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणून ठेवला आहेच. तशात गेल्या आठवड्यात माश्यांच्या खोलीतला एसी बंद पडला, आणि बंद खोलीच्या उकाड्यात त्या तगत नाहीत. माश्या बाहेर नेता येत नाहीत असा नियम आहे. मॅडमनी तो मला वाचून दाखवला आणि मग स्वतःच एक खोकं शोधून दिलं.

माश्या आपल्या काचेच्या नळ्यांसकट घरी आल्या. आईने त्यांना माझ्या कपाटावर जागा दिली, तक्रार केली नाही. रविवारी बाबांनी त्यांच्या ऑफिसातल्या निवृत्त साहेबांना माझ्या भविष्याचा विचार करायला चहाला बोलावलं. (हे गृहस्थ सगळ्यांच्या मुलांच्या भविष्याचा विचार करतात. त्यांनी विचार केलेली सगळी मुलं बँकेत आहेत.) पाहुणे येणार म्हणून आईने घर पुसलं, आणि पुसता पुसता तिला दिसलं की नळ्यांच्या तोंडाचे कापसाचे बोळे कळकट झाले आहेत. ते काढून तिने धुतले आणि वाळत घातले. आई स्वच्छ बाई आहे, यापलीकडे मला काही म्हणायचं नाही.

साहेब मला विचारत होते, यात नोकऱ्या कुठे आहेत? मी सांगत होते की औषधांच्या कंपन्यांत आहेत, बियाण्यांच्या कंपन्यांत आहेत, आनुवंशिक आजारांच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळांत आहेत. तेवढ्यात टेबलावरून माश्या चालत आल्या. घाई न करता आल्या. साहेबांनी कप उचलून धरला. "या उडत का नाहीत?" मी म्हटलं, पंख नाहीत. ते म्हणाले, "कोणी काढले?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि आत्या, त्या क्षणी साखरेच्या भांड्यावरून एक माशी उडाली. सरळ वर. दिव्याला एक फेरी मारून भिंतीवर बसली. मी खुर्चीवर चढून ओरडले, "उडाली! बाबा, उडाली!" आईला वाटलं मी घाबरले. तिने वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि एका फटक्यात माझी दोन वर्षं भिंतीला चिकटवली.

मी रडले. साहेबांनी आपल्या उभ्या आयुष्यात माशीसाठी कोणाला रडताना पाहिलं नव्हतं. ते चहा अर्धा टाकून उठले. दारात बाबांना म्हणाले, "परीक्षेला बसवा. लवकर." दार लावून बाबा म्हणाले, "माशी उडतेच. त्यात तू काय केलंस?" मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, भिंतीवरचा डाग हा निकाल होत नाही, दुसरी आण.

दुसरी येईल. नळ्यांत त्याच पिढीचे कोश अजून आहेत, आठवडाभरात फुटतील. पण बाबांचा हुकूम आहे की उद्यापासून या घरात एकही माशी नको, पंखांची किंवा बिनपंखांची. आई तेव्हापासून माझ्याशी फार हळू बोलते आणि रोज विचारते, तिच्या बहिणी आहेत का गं अजून. बाकी क्षेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी भाची

ता. क. : हे पत्र ज्या खोक्यावर चिकटवलं आहे त्यात नळ्या आहेत. आठवडाभर तुझ्याकडे राहू देत. बोळे कळकट दिसतील, दिसू देत.

आणखी एक : मिठाई समजून खोकं फ्रिजमध्ये ठेवलं असशील तर आधी काढ. माश्या मेल्यासारख्या दिसतील, पण टाकू नकोस. गारठ्याने बेशुद्ध पडतात. ऊब मिळाली की उठतात.

शेवटचं : खोकं घेऊन बाबाच येत आहेत. त्यात बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आहेत आणि उद्यापासून मी तुझ्याकडे अभ्यासाला येणार आहे, असं त्यांना सांगितलं आहे. तुला पत्रं मोठ्याने वाचायची सवय आहे, हे मला आत्ता आठवलं. उशीर झाला असेल तर बाबांना आधी पाणी दे, आणि खोकं त्यांच्या हातून काढून घे.