उशीवरचं कार्ड

मंगळवार, ११ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. चिमणीचा खोकला थांबला का? तिला पंख्याखाली झोपवत जाऊ नकोस, असं लिहिणार होते, पण लिहीत नाही. तुला सल्ले आवडत नाहीत आणि मला दिल्याशिवाय राहवत नाही.

फोनवर आपण दोघी हवापाण्याच्या पुढे जात नाही. "बरं आहे ना?" "बरं आहे." मग तू फोन नवऱ्याच्या हातात देतेस. म्हणून कागद घेऊन बसले.

हॉटेल भरलं आहे, चाळीसच्या चाळीस खोल्या. आणि नेमका आत्ताच आमच्या लॉन्ड्रीतला मोठा ड्रायर बसला. मेकॅनिक म्हणतो, सुटा भाग यायला आठवडा लागेल. तळघरात ओल्या चादरींचे ढीग. शेवटी गच्चीवर दोऱ्या बांधल्या. आम्ही अकरा जणी बादल्या घेऊन जिने चढतोय आणि उतरतोय, गुडघे बोलायला लागलेत. ठेंगणीचा हात दोरीला पोचत नाही, तिला स्टूल दिलं आहे. म्हणते, "वरून सगळ्या बायका ठेंगण्याच दिसतात."

तरी रोजच्या ऐंशी चादरी काही वाळेनात. तेव्हा मालकांनी कपाटातून तुझी जुनी कार्डं काढली. "चादर बदलून हवी असल्यास हे कार्ड उशीवर ठेवा." चाळीस खोल्यांत चाळीस कार्डं. पहिल्या दिवशी उशीवर आली पाच. दुसऱ्या दिवशी चार. मालक डोकं खाजवत म्हणाले, "तुमच्या सुनेच्या वेळी रोज सदतीस-अडतीस यायची. पाहुणे सुधारले की काय?"

मी म्हटलं, "हवा बदलली असेल."

असो. ड्रायर या आठवड्यात सुरू होईल. चिमणीला पापा.

तुझी,
सासूबाई


रविवार, २३ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. मागच्या पत्रात मी काही लिहिलंच नव्हतं. त्यानंतर तीन कागद फाडले. हा चौथा फाडणार नाही, कारण घरात एवढाच उरला आहे.

तुझी ती कार्डांची पंधरा दिवसांची चाचणी आपोआप फसली नव्हती. ती मी फसवली.

पाहुणे नाश्ता करून फिरायला बाहेर पडले की मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर जायचे. टेबलावरचं कार्ड उचलायचं, उशीवर ठेवायचं, दार लावायचं, पुढची खोली. दोन-तीन मुद्दाम सोडायचे, खरं वाटावं म्हणून. बघ, किती पोचलेली आहे तुझी सासू. मग तासाभराने आमच्याच पोरी वर जायच्या आणि धुवायची काही गरज नसलेल्या चादरी गोळा करून खाली आणायच्या. आम्ही त्या धुवायचो, वाळवायचो, वाफेच्या इस्त्रीखालून काढायचो.

का केलं, तेही सांगते. तू कामाला लागल्या लागल्या बॉयलरवर मीटर बसवलास आणि म्हणालीस, हॉटेलात जळणाऱ्या डिझेलचा तिसरा हिस्सा एकट्या तळघरात जळतो. घरी आठ-आठ दिवस एका चादरीवर झोपणारा माणूस सुट्टीवर आला की त्याला रोज नवी चादर कशाला, असं विचारलंस. खरं होतं. पण मला ऐकू आलं ते एवढंच, की कपडे निम्मे होणार. कपडे निम्मे म्हणजे बायका निम्म्या. त्यातल्या सहा जणींना मी स्वतः हाताला धरून कामावर आणलं आहे. कुणाला घरी पाठवायचं?

तुला विचारायला हवं होतं. पण सुनेला काय विचारायचं? हो, तेही होतं. पंचवीस वर्षं त्या तळघरात माझा शब्द चालला, आणि तू येऊन मला चादरी मोजायला शिकवलंस. नाकाला मिरच्या झोंबल्या.

चाचणी संपल्यावर मालक सगळ्यांसमोर हसले. "पाहुणे मजा करायला येतात हो, त्याग करायला नाही." तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी हातातली घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली. महिन्याभरात तू लांबची नोकरी धरलीस, माझ्या मुलाला आणि चिमणीला घेऊन गेलीस. मी चारचौघांत सांगत राहिले की सुनेला इथे करमलं नाही.

आता पुढचं ऐक. ड्रायर दुरुस्त झाला त्या दिवशी मालक खाली आले. म्हणाले, "कार्डं गोळा करा, उद्यापासून पहिल्यासारखं." वर म्हणाले, "चार दिवस नशिबाने निभावलं. त्या पोरीचा हिशोबच चुकीचा होता."

मग मात्र मला राहवलं नाही. सगळी मशीनं बंद करायला लावली, म्हणजे शब्द नीट ऐकू जावेत, आणि बाकीच्या दहा जणींसमोर सांगून टाकलं.

मालक म्हणाले, "तुम्हाला कामावरून काढायला हवं."

मी म्हटलं, "मला काढा. कार्डं काढू नका."

मागून ठेंगणीने विचारलं, "आणि आमचं काय?"

मालक म्हणाले, "मला काय ठाऊक? जी बाई विचार करून सांगू शकली असती, तिला तुम्ही घालवलंत."

मला काढलं नाही. कार्डं राहिली. आता बॉयलर दुपारी दोनला बंद होतो. परवा तीन वाजता मी त्याच्यामागच्या भिंतीला हात लावून पाहिला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिथे हात टेकवता आला. बायका फाटक्या चादरी शिवतायत. पडदे बाहेर धुवायला जायचे, ते आता आम्हीच धुतो. सीझन संपेपर्यंत कुणाला काढणार नाही, असा शब्द मालकांनी दिला आहे. त्यापुढचं कुणालाच माहीत नाही, आणि पोरी माझ्या तोंडाकडे बघतात. मालक तुला फोन करणार आहेत, त्यांच्या बाकीच्या दोन हॉटेलांतही हे करायचं म्हणतात. मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, आधी मी लिहिते.

परत ये असं मी म्हणत नाही. तो हक्क मला राहिलेला नाही. मुलाला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. तुझी हुशारी मी तुझ्याच माणसांसमोर खोटी पाडली, याची मला फार लाज वाटते. माफ कर.

तुझी अपराधी,
सासूबाई


सोमवार, ३ मार्च

तीर्थरूप आईंना नमस्कार.

चिमणीचा खोकला थांबला. पंखा बंद केला.

तुमचं पत्र वाचून मला धक्का बसायला हवा होता. पण आई, मला ठाऊक होतं. चाचणीचा सहावा दिवस होता. दोनशे सात नंबरची खोली नळाच्या दुरुस्तीसाठी बंद होती. तिथे पाहुणा नव्हता. पलंगावर चादरसुद्धा नव्हती. उघडी गादी, तिच्यावर एक उशी, आणि उशीवर कार्ड! मी तिथेच बसून आधी खूप हसले, मग रडले. लॉन्ड्रीतला किल्ल्यांचा जुडगा तुमच्याशिवाय कोण वापरतं?

मालकांना सांगितलं असतं तर तुमची नोकरी त्याच दिवशी गेली असती. तुम्हाला विचारलं असतं तर घरात पुन्हा कुणी मोकळेपणाने जेवलं नसतं, असं तेव्हा वाटलं. म्हणून मूग गिळून गप्प बसले. तुमच्या मुलालाही काही बोलले नाही. याला मी माझा मोठेपणा समजत होते. तो मोठेपणा नव्हता, राग होता. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघत होते, आणि दर महिन्याला थोडी जास्त रागावत होते.

चुकलं माझंही. मी डिझेल मोजलं, चादरी मोजल्या. पण तळघरात उतरून एकीलाही विचारलं नाही, की बाई, काम कमी झालं तर तुझं कसं होईल? ठेंगणीने मालकांना विचारलं ते मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. तुम्हाला माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही, त्यात थोडा माझाही हात आहे.

मालकांचा फोन आला होता. तिन्ही हॉटेलांची योजना करीन, पण आधी अकराही जणींशी बोलून, आणि कुणालाही न काढता, असं सांगितलं. ते तयार झाले. दुसरी अट सांगितली की तुम्ही माझ्याबरोबर काम कराल. तिथे अडले. म्हणाले, "त्यांच्यावर विश्वास ठेवायचा?" मी म्हटलं, "पंधरा दिवस रोज सदतीस खोल्या फिरून कुणाला पत्ता लागू न देणारी बाई तुम्हाला दुसरी मिळणार नाही." मग तेही हसले.

शनिवारी दुपारी पोचतो, तिघंही. दार उघडल्यावर रडायचं नाही, मला समजूत काढता येत नाही. चहा झाला की चिमणीला तिच्या बाबांबरोबर बाहेर पाठवू आणि आपण दोघी दार लावून कडकडून भांडून घेऊ. चौदा महिने उशीर झाला आहे.

तुमचीच,
सून