धरलेली जागा

रविवार, ५ जानेवारी २०२५

खोकी सगळी उघडून झाली. नागपूरहून निघालेल्या अठरा खोक्यांपैकी फक्त एक वाटेत फुटलं, लोणच्याचं, आणि तेही नेमकं श्रीरंगच्या ऑफिसच्या शर्टांवर. देव आहे म्हणायचा! येलहंक्याच्या जुन्या गावातलं हे घर मला मनापासून आवडलं. बंगळुरूत आलोय असं वाटतच नाही. गल्लीच्या तोंडाशी फुलवाली, पलीकडे मारुतीचं देऊळ, डोक्यावरून अधूनमधून हवाई दलाचं विमान.

आणि घरापासून पाच मिनिटांवर चक्क एक कलामंदिर. कौलारू, कमानीवर १९२६ साल कोरलेलं. पूर्वी बेळगावकडच्या नाटक कंपन्या इथे महिना महिना मुक्काम ठोकायच्या, आता दर रविवारी दुपारी तीनला जुने कृष्णधवल सिनेमे दाखवतात. दारावरचे बसवंतअण्णा निपाणीकडचे. माझं मराठी ऐकून एवढे खूश झाले की रंगवलेल्या पडद्यापासून घडीच्या लाकडी खुर्च्यांपर्यंत सगळं हिंडून दाखवलं. येत्या रविवारी या की, म्हणाले, पण दोघं मिळून या. श्रीरंगला सांगितलं, तर त्याने फोनमधून मान न काढता 'हं' केलं. सहा वर्षांच्या संसारात मला या 'हं'चे एकवीस प्रकार पाठ झाले आहेत. हा 'नाही'वाला होता.

रविवार, १२ जानेवारी

मिळून कसले जातो! चपला घालून दारात उभी, तेवढ्यात साहेबांना अमेरिकेहून फोन. तू हो पुढे, मी आलोच, असं खुणेनेच सांगितलं. मी सवयीप्रमाणे शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली. त्याचाच निळ्या चौकड्यांचा रुमाल, माझ्या पर्समध्ये राहिलेला. सभागृह अर्ध्याहून अधिक रिकामं होतं, पण हात काही ऐकत नाही. एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे तिथे आपण रुमाल टाकतोच.

मागच्या रांगेतल्या एका आजींनी खांद्यावर बोट टोचलं. भागुबाई, दर रविवारच्या. जागा कुणासाठी धरलीस, विचारत होत्या. नवऱ्यासाठी, म्हटलं. नाव नाही ना घेतलंस त्याचं, म्हणाल्या. मलाही उखाण्याची हौस आल्यासारखं मी मोठ्याने पूर्ण नाव सांगितलं, श्रीरंग अरविंद देशकर. त्यांचा चेहरा एकदम उतरला. उठून चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या.

सिनेमा सुरू झाल्यावर अंधारात तो आला. बसला, माझा हात हातात घेतला. बोटं गार होती, पण किती वर्षांनी! हसायच्या जागी दोघं एकदम हसलो. दिवे लागले तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. खुर्चीवर रुमाल होता, चार घड्या घातलेला. मला वाटलं, फोन आला म्हणून बाहेर गेला. त्याला शोधायच्या नादात रुमाल तिथेच राहिला.

घरी आले तर श्रीरंग हेडफोन लावून तिथेच बसलेला. उठलाही नव्हता, म्हणे.

मग माझा हात कोणी धरला होता?

सोमवार, १३ जानेवारी

कोणी तरी चावट माणूस असणार, म्हणून तरातरा तक्रार करायला गेले. बसवंतअण्णांनी आधी एकच विचारलं, नाव सांगितलं होतं का. हो म्हटल्यावर मटकन स्टुलावर बसले. इथे कोणी रिकामी जागा धरत नाही, म्हणाले. नाटक कंपनीच्या काळापासून तसं आहे. नाव घेऊन धरलेली जागा भरतेच. ज्याचं नाव त्याने स्वतः येऊन बसायचं. तो आला नाही तर दुसरं कोणी तरी त्याच्या नावाने येतं. तीन रविवार येतं. तिसऱ्या रविवारी ते घरी जातं आणि घरचा माणूस खुर्चीवर येतो. उपाय एकच. ज्याने रुमाल टाकला त्यानेच तो उचलायचा, ते खुर्चीवर बसलेलं असताना, तिसरा सिनेमा संपायच्या आत. मी हसले. अण्णा हसले नाहीत.

शनिवार, १८ जानेवारी

श्रीरंगने चहात मीठ घातलं. दोनदा. काल फोनचा पासवर्ड विसरला आणि आज माझ्या आईला फोनवर 'कोण बोलतंय' विचारलं. दमलाय, असं मी स्वतःला सांगतेय. उद्या जाऊन तो रुमाल उचलून आणते, म्हणजे डोक्यातला किडा तरी जाईल.

रविवार, १९ जानेवारी

रुमाल खुर्चीवर तसाच होता. अंधार झाला, तो येऊन बसला. मी त्याच्या मांडीखालून दिसणारं रुमालाचं टोक धरलं. ओढणार, एवढ्यात तो कानाशी बोलला. श्रीरंगचाच आवाज. अश्लेषा, त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये मी फोन बंद करायला हवा होता. बाळ गेलं तेव्हा तू एकटी होतीस. माझं चुकलं.

तीन वर्षं या एका वाक्यासाठी मी वाट पाहिली होती. घरचा श्रीरंग त्या दिवशी व्हरांड्यात मीटिंगमध्ये होता आणि नंतर त्या विषयावर त्याने 'हं'सुद्धा केलं नाही.

मी रुमालाचं टोक सोडलं. खूप रडले, त्याच्या खांद्यावर. अजून एक रविवार आहेच की.

गुरुवार, २३ जानेवारी

श्रीरंग सोफ्यावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत असतो. फोन वाजतो, उचलत नाही. मध्येच एकटा हसतो. आज दुपारी माझा पदर धरला आणि विचारलं, तू मला सोडून कुठे जात नाहीस ना. मी नाही म्हटलं. खोटं बोलले, आणि खोटं बोलतेय हे मला कळत होतं.

रविवार, २६ जानेवारी

लिहिते. कुठे तरी कबूल केलंच पाहिजे.

भागुबाई सिनेमाभर मागून कुजबुजत होत्या, उचल ग, उचल. माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी उचलला नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. तो मला हवा होता म्हणून.

दिवे लागले तेव्हा तो शेजारीच बसलेला होता. माझ्याबरोबर चालत घरी आला. वाटेत मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला. सोफा रिकामा होता. उशीवर डोक्याचा खळगा होता, अजून कोमट. मी उशी थोपटून सारखी केली आणि चहा टाकला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

भांडी घासतो. आईशी अर्धा तास बोलला. आई म्हणाली, जावई चांगले सुधारले ग. मीही म्हटलं, हो, सुधारला. तो ऐकत होता. हसला.

रविवार, २ फेब्रुवारी

कलामंदिराकडे फिरकायचं धैर्य नाही. तो एकटाच गेला तीन वाजता, फिरून येतो म्हणून. परत आला तो शीळ घालत.

आईने कशिदा काढून दिलेला माझा पांढरा रुमाल सापडत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दुधाच्या पातेल्यापुढे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. खाली गॅस पेटवलेलाच नव्हता. फुलवालीला पत्ता विचारला — माझ्याच घराचा.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज पुन्हा गेला. मी अंतर ठेवून मागे गेले. दाराच्या फटीतून पाहिलं.

श्रीरंग. माझा श्रीरंग. त्याच खुर्चीवर, तोच घरचा टी-शर्ट, डोळे पडद्यावर. शेजारी माझा पांढरा रुमाल. आणि अंधारात त्या रुमालावर येऊन बसली एक बाई. अंबाडा माझा. मान तिरकी करायची सवय माझी.

घरी राहतो तो दुसरा, तिच्या पलीकडे, तिचा हात हातात घेऊन —

मला पुढचं बघवलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पाया पडले त्याच्या. रुमाल उचल म्हटलं. तो प्रेमाने म्हणाला, तू फार चिडचिड करतेस, फार लक्षात ठेवतेस. तूही जरा सुधारशील.

माझाच शब्द. मीच दिलेला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भागुबाईंना देवळात गाठलं. म्हणाल्या, अण्णांना ठाऊक नाही, पण अजून एक वाट आहे. ती यायच्या आधी तू जाऊन बस. शेजारचा नाव विचारेल. आपलं नाव नीट सांगितलंस की जागा तुझी, आलेलं परत जातं. मग श्रीरंग? तो नाही ग सुटायचा, त्याची वेळ गेली, म्हणाल्या. पण तू सुटशील. विसरायला लागली आहेस, तर नाव हातावर लिहून घे.

लिहिणार — विसरायचं नाही —

रविवार, १६ फेब्रुवारी

पावणेतीन. वही पर्समध्ये, पेन आहे. हातावर लिहिलंय. घरातून निघताना लिहिलं, मूठ उघडलेली नाही.

खुर्ची सापडली. दिवे चालू आहेत अजून. मी बसले. मी बसलेय, ती नाही.

श्रीरंग शेजारी. किती वाळलाय. मी म्हटलं, माझं चुकलं रे. हात माझ्या मांडीवर होते, मी उचलला नाही, मला माफ कर — त्याने पडद्यावरून नजर काढली नाही. पण हात माझ्या खुर्चीवर आडवा धरला. फार सभ्यपणे म्हणाला, बाई, ही जागा धरलेली आहे. माझी बायको येतेय.

अरे, मीच —

दिवे मंद होताहेत. लिहिते आहे. अंदाजाने.

तो म्हणतो, नाव सांगा.

मूठ उघडली. अक्षर माझंच. श्रीरंग अरविंद देशकर. हेच लिहिलं मी. हेच आठवत होतं. त्याचंच.

मागून कोणी तरी चालत येतंय. बांगड्या माझ्याच वाजताहेत. तो पुन्हा विचारतोय. सांगते. सांगते, थांब. माझं नाव —