तिमगादची पश्चिमेची कमान

सर, तिमगादचा नकाशा काल भिंतीवरून उतरवला. नोकरीभर तो दाखवून मी शिकवलं: आफ्रिकेतलं रोमन शहर, निवृत्त सैनिकांसाठी वसवलेलं, रस्ते काटकोनात, मधोमध चौक, आणि पूर्वेच्या टोकाला तीन दारांची कमान. एका मुलीनं परीक्षेत कमान पश्चिमेला काढली, तिचे मी गुण कापले. ती म्हणत राहिली, ‘मॅडम, किताब में ऐसा ही है.’ मी म्हटलं, ‘किताब छोड़ो, नक्शा देखो.’

माझा एक जुना विद्यार्थी सध्या अल्जीरियात नोकरीला आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, ‘मॅडम, आ जाओ, तिमगाद मैं घुमाऊँगा.’ मी म्हटलं, जमणार नाही. आमचे हे दोन वर्षं अंथरुणावर आहेत, उजवी बाजू गेली आहे. पलासिया भागातल्या या फ्लॅटमधून मी भाजी आणि औषधांच्या दुकानापलीकडे जात नाही. यांनी पलंगावरून ऐकलं. जीभ जड झाली तरी टोमणा शाबूत आहे. ‘जा ना. मी काय पळून जाणार आहे?’ यांचं करायला सांवेर गावाहून बसनं बाई येते, तीही मध्ये पडली, ‘दीदी, आठ दिन मैं यहीं रह लूँगी, आप तो जाओ.’ मी दोघांनाही गप्प केलं.

परवा तो एकटाच जाऊन आला आणि व्हिडिओ पाठवला. दगडी रस्ता, त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, समोर कमान, आणि तिच्यामागे मावळतीचं ऊन. त्याचा आवाज: ‘मॅडम, सूरज तो इधर डूब रहा है. आपके नक्शे में ये गेट पूरब में था ना?’

मी नकाशा उतरवून उजेडात धरला. मी तुमच्या वर्गात शिकत असताना तुम्ही पुस्तक पुढे सरकवून म्हणाला होतात, ‘ट्रेस करून आण.’ गिरवून झाल्यावर मी ट्रेसिंग पेपर उलटा ठेवून छाप घेतला होता. डावं ते उजवं झालं. नावं मागाहून घातली, म्हणून ती सरळ, आणि कुणाला संशय आला नाही. तुम्हाला सोडून. अजून डोळ्यांसमोर आहे: मी टेबलापाशी उभी आहे, तुम्ही बराच वेळ बघताय, मग म्हणता, ‘रेघा स्वच्छ आहेत. एकदा स्वतः जाऊन ताडून ये.’ मला ती शाबासकी वाटली.

आणि तुम्ही खरंच सोय केलीत. परदेशातल्या उत्खननाच्या अभ्यासासाठी माझं नाव सुचवलंत. आठ दिवसांनी मी येऊन सांगितलं, ‘बाबा नाही म्हणतात.’ तुम्ही चष्मा पुसलात. ‘बरं. मग घरी बसून शिकव.’ त्या वाक्याचा राग मी तुम्ही गेल्यानंतरही धरून ठेवला.

आज विद्यार्थ्याचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, ‘साहब नहीं मान रहे.’ हे पलंगावरून माझ्याकडे बघत होते. मी उठून त्यांची उशी सरळ केली, ती सरळच होती.

हे पत्र फ्रेममध्ये नकाशाच्या मागे घालून ठेवते आहे. बाबा नाही म्हणाले नव्हते, सर. मी त्यांना विचारलंच नव्हतं.