दहा वाजून दहा मिनिटांची वाफ

रत्नागिरी,
अक्षय तृतीयेनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप आप्पाकाका यांस,

रघूचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे, काकूंचा दमा आणि हेदवीची कलमं यांपैकी जे जे बरं असेल, ते तसंच राहो. इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून.

आमच्या आमरसाच्या कारखान्याला तुम्ही हंगामाचा मुहूर्त काढून दिलात, त्याची हकिकत कळवतो. (अक्षय तृतीयेला वेगळा मुहूर्त लागत नाही, हे लहानपणी तुम्हीच शिकवलंत. मग दहा वाजून दहा मिनिटं कुठून आणलीत, ते विचारत नाही.) आमचा बॉयलर आठ महिने थंड असतो आणि वाफेचा पाइपही. थंड पाइपात वाफ शिरली की तिचं पाणी होतं. ते खालच्या चावीतून सोडत सोडत वरचा व्हॉल्व्ह जरा जरा उघडायचा, त्याला चांगला अर्धा तास लागतो. पाणी आत राहिलं आणि मागून वाफेचा लोंढा आला, तर तेच पाणी पाइपावर घणासारखं आदळतं. सव्वीस वर्षं मी हे सांगतोय. सव्वीस वर्षं लोक मान डोलावतात आणि चहाला जातात.

त्या दिवशी साडेनऊला मी चावी उघडून थोडी वाफ सोडली. पाणी वाहू लागलं आणि नेमकं हेमावहिनींच्या (मालकांच्या मंडळींच्या) रांगोळीकडे निघालं. मग चावी बंद झाली. पूजा लांबली. दहाला पाच कमी असताना मी सुजयशेठना, म्हणजे मालकांना, म्हटलं की आधी पाणी काढू, मुहूर्त अर्धा तास पुढे जाऊ दे. शेठ घड्याळाकडे बघत म्हणाले, "आप्पांनी दिलेली वेळ आहे रघूभाऊ. पाणी काय ओ, मागाहून निघेल." आणि बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी हार घातलेला व्हॉल्व्ह त्यांनी दोन्ही हातांनी गरागरा फिरवला.

काका, पाणी मागाहून नाही, लगेच निघालं. पाइप आधी ठणठणला, मग टेकूवरून उडाला, आणि जोडातून उकळतं पाणी थेट मांडवाच्या छतावर. पाहुणे चपला टाकून रस्त्यापर्यंत पळाले. कुणाला भाजलं नाही, ही गणपतीची कृपा. पण मी आता थकलोय. चावी कुणी बंद केली याची चौकशी चालू आहे. माझ्यावर आलं, तर निवृत्तीला चौदा महिने उरले असताना घरी बसेन.

काकूंना नमस्कार.

आपला,
रघू

ता. क. चावी मीच बंद केली. वहिनी नुसतं "अहो, रांगोळी" म्हणाल्या आणि मला नाही म्हणता आलं नाही. जबाबात तसंच लिहून दिलंय. शेठनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, आधी आप्पांकडून नवा मुहूर्त आणा, तुमचं मग बघू.

ता. क. २. तर विनंती अशी. नव्या मुहूर्ताच्या अर्धा तास आधीचा आणखी एक मुहूर्त लाल शाईने लिहून द्या, पाणी सोडण्याचा. पंचांगात नसला तर नसू दे. माझं कुणी ऐकत नाही, तुमच्या अक्षराचं ऐकतील. त्या वेळात चावीला कुणीही हात लावू नये, असंही लिहा. आणि 'कुणीही'च्या पुढे कंसात माझं नाव घाला.